तपकिरी काहीतरी: सह्याद्रीतले मळकट माशीमार शोधायचे आणि ओळखायचे कसे

पक्षी बघायला निघालेल्या कोणत्याही गटात हा प्रसंग ठरलेला आहे. समोरच्या झाडीत काहीतरी हलतं, दहा दुर्बिणी वर जातात, मागून कोणीतरी विचारतं "काय होतं हो?" आणि पुढचा माणूस दुर्बीण खाली घेत सांगतो, "काही नाही, तपकिरी काहीतरी." गट पुढे सरकतो, कारण पुढच्या वळणावर स्वर्गीय नर्तक दिसल्याची कुजबुज आलेली असते.

हा लेख त्या 'तपकिरी काहीतरी'साठी आहे. हिवाळ्यात सह्याद्रीच्या जंगलात तीन असे माशीमार येतात की ज्यांच्या अंगावर नजर ठरावी असं काहीच नाही. वर मातकट, खाली मळका पांढरा. नुकतीच दुर्बीण घेतलेल्या माणसाने हे पक्षी टाळावेत असं पुष्कळ जण सांगतात. माझं मत उलट आहे. रंगीत पक्षी रंगावरून ओळखता येतो, त्यामुळे त्याच्याकडे नीट बघायची सवयच लागत नाही. माशीमार मात्र एकाच डहाळीवर पाच-पाच मिनिटं बसून राहतो आणि वर तपासून बघा म्हणतो. याहून चांगला मास्तर नवख्याला मिळणार नाही.

पायरी १: नावांचा घोळ आधी निस्तरा

मराठीत या पक्ष्यांना माशीमार म्हणतात, काही पुस्तकांत लिटकुरी. बाहेर पक्षीमित्रांच्या तोंडी मात्र 'फ्लायकॅचर'च असतं. मी इथे माशीमार म्हणतो.

आपले तीन पाहुणे असे. पहिला तपकिरी माशीमार, म्हणजे एशियन ब्राऊन फ्लायकॅचर. दुसरा तपकिरी छातीचा माशीमार, ब्राऊन-ब्रेस्टेड. तिसरा तांबूस शेपटीचा माशीमार, रस्टी-टेल्ड. तिघेही चिमणीहून लहान, १३ ते १४ सेंटीमीटर. पहिल्या दोघांचं वजन साधारण १० ते १२ ग्रॅम, म्हणजे खिशातल्या पाच रुपयांच्या दोन नाण्यांएवढं.

एवढासा जीव येतो कुठून ते बघा. तपकिरी माशीमार पूर्व सायबेरिया, जपान, कोरियापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत घरटी करतो. त्यातले काही थोडे आपल्याच द्वीपकल्पात, उत्तर कन्नडच्या जंगलातसुद्धा, वीण करतात. तपकिरी छातीचा ईशान्य भारत, उत्तर म्यानमार आणि चीनच्या डोंगरातून निघतो आणि हिवाळा काढायला सह्याद्रीच्या दक्षिण भागात आणि श्रीलंकेत उतरतो. तांबूस शेपटीचा पश्चिम हिमालयातला. मे-जूनमध्ये काश्मीर-हिमाचलला ट्रेकला जाणारी आपली मंडळी ज्या देवदारांखाली तंबू ठोकतात, त्याच जंगलात तेव्हा याचं घरटं असतं. थंडीत तो गोवा, कर्नाटक, केरळच्या डोंगरात येतो.

दुसऱ्या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात एक माणूस दडलाय. मस्किकापा मुत्तुई. एडगर लेयर्ड नावाचा इंग्रज अधिकारी तेव्हाच्या सिलोनमध्ये होता. त्याच्या पदरी मुत्तू नावाचा नोकर होता, आणि साहेबाला पक्षी मिळवून देण्याचं काम तो चिकाटीने करायचा. १८५४ मध्ये लेयर्डने या पक्ष्याला मुत्तूचं नाव दिलं. त्या काळात पक्ष्यांना नावं मिळायची ती साहेबांची, नाहीतर त्यांच्या बायकांची. नोकराच्या नावाचा पक्षी विरळाच, आणि तोही असा, की बघणारा 'काही नाही' म्हणून पुढे जातो.

अजून एक घोळ इथेच सोडवू. स्वर्गीय नर्तकाच्या इंग्रजी नावात फ्लायकॅचर आहे, पण तो या कुळातला नाही. नाचण नावाचा पंख्यासारख्या शेपटीचा पक्षीही नाही. उलट तुमच्या खिडकीत पहाटे गाणारा दयाळ आणि माळावरचा गप्पीदास हे मात्र माशीमारांचे कुळबंधू आहेत. तांबूस शेपटीच्या माशीमारालाही पूर्वी वरच्या दोघांच्याच प्रजातिगटात धरायचे. डीएनए तपासल्यावर त्याला उचलून फिसेडुला या दुसऱ्या गटात टाकलं. जुनं पुस्तक हाताशी असेल तर तिथे गोंधळू नका.

पायरी २: कधी जायचं

ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत. त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरा काळ. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांच्या मधला. त्या आठवड्यात जागोजागी सहली निघतात आणि पाहुणे पक्षीही नुकते स्थिरावलेले असतात. सुरुवात करायला त्याहून सोयीचा मुहूर्त नाही.

दिवसातली वेळ सांगायची तर उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत, आणि मग संध्याकाळी उन्हं कलल्यावर. हे पक्षी अंधुक उजेडात, बाकीचे पक्षी आवरते घेतात तेव्हासुद्धा शिकार करत असतात. मोठे डोळे त्यासाठीच. संध्याकाळी सगळे गाडीकडे परतायला लागले की तुम्ही ओढ्याकाठी पंधरा मिनिटं जास्त थांबा.

पायरी ३: कुठे शोधायचं

तिघांच्या आवडीनिवडी वेगळ्या आहेत आणि ओळखायचं निम्मं काम जागाच करते.

तपकिरी माशीमार त्यातल्या त्यात मोकळ्या जागेतला. पानगळीचं जंगल, जुनी आमराई, देवराई, डोंगरपायथ्याची मोठी झाडं, कधीकधी शहरातल्या झाडी असलेल्या बागासुद्धा. तो मधल्या उंचीवर, बहुतेकदा वाळक्या उघड्या डहाळीवर बसतो. भीमाशंकर, कोयना, फणसाड, कर्नाळा, पुणेकरांची सिंहगडाची दरी, अशा कुठल्याही ठिकाणी त्याच्यावर डोळा ठेवा.

तपकिरी छातीच्या माशीमाराला गर्द सावली लागते. सदाहरित जंगल, खाली झुडपांची दाटी, जवळ ओलावा. तो खालीच बसतो, बऱ्याचदा तुमच्या डोक्याच्याही खाली. त्यासाठी दक्षिणेकडे सरकावं लागतं. आंबोली-तिलारीचा पट्टा आणि गोव्यात मोले, तांबडी सुर्ला, बोंडला. कोकणात उतरल्यावर दक्षिणेकडे जाल तसा तो भेटण्याचा संभव वाढत जातो.

तांबूस शेपटीचा झाडांच्या वरच्या भागात वावरतो. नवख्याने त्याच्यासाठी मुद्दाम जाऊ नये. मान दुखते. पहिले दोघे पक्के झाले की तो आपोआप वेगळा दिसायला लागतो.

पायरी ४: दुर्बीण आधी घरी लावून घ्या

जंगलात जाऊन दुर्बिणीशी झटापट करणारे लोक मी दर वर्षी बघतो, आणि एके काळी त्यांच्यातला एक मीही होतो.

दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. ८ म्हणजे वस्तू आठ पट जवळ दिसते, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात. एवढ्या मिलिमीटर रुंदीचा उजेडाचा झोत तुमच्या डोळ्यात शिरतो. खिशात मावणारी १०×२५ दुर्बीण घेतलीत तर हाच आकडा अडीचवर येतो. माळरानावर भर उन्हात फरक जाणवत नाही. ओढ्याकाठच्या काळोखात मात्र छोट्या दुर्बिणीतून हा पक्षी नुसती सावली दिसतो, आणि ज्याच्या पायांचा रंग बघायचा त्याची सावली काय कामाची? दुकानदार जास्त पटींची भलावण करेल. ऐकू नका, ८×४२ च घ्या.

आता ती लावायची कशी. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी कडी आत दाबा, नसेल तर बाहेर ओढा. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेल असं करा. मग तीसेक फुटांवरची एखादी पाटी धरा. उजव्या बाजूचं भिंग हाताने झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षरं स्पष्ट करा. आता डावं झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवून उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. ती कडी कुठे थांबली ते लक्षात ठेवा, पुन्हा ती हलवायची नाही. यानंतर जंगलात फक्त मधलं चाक.

पक्षी दिसल्यावर नजर त्याच्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. खाली दुर्बिणीकडे बघितलंत की पक्षी हरवला. घराच्या गच्चीवर कावळ्यांवर आठवडाभर सराव करा.

पायरी ५: बसा

माशीमाराच्या मागे फिरू नका. त्याची शिकारीची पद्धतच अशी आहे की बसणाऱ्याला तो सापडतो. एक उघडी डहाळी धरायची, तिथून हवेत झेप घ्यायची, उडतं चिलट, माशी किंवा छोटा पतंग चोचीत पकडायचा आणि फिरून त्याच डहाळीवर, नाहीतर शेजारच्या, येऊन बसायचं. म्हणजे एकदा हुकला तरी तो तिथेच परत येणार आहे. इतकी सोय दुसरा कोणता पक्षी करतो?

जागा निवडताना पाणी आणि उजेडाचा एखादा कवडसा बघा. कवडशात कीटक जमतात, कीटकांमागे माशीमार येतो. खडकावर किंवा बुंध्याला टेकून बसा, सूर्य पाठीशी असला तर उत्तम. पहिली दहा मिनिटं काहीच होणार नाही. जंगलाला तुमची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. मग पानांकडे बघू नका, पानांमधल्या मोकळ्या जागेकडे बघा. डहाळीच्या टोकाशी ताठ बसलेला एक छोटा ठिपका शोधायचा. अचानक खाली किंवा आडवी झेप जाते, परत येते, ती जागा पकडा.

मिश्र थवा आला तर धांदल उडते. निखार, रानखाटीक, कोतवाल, पर्णवटवटे सगळे एकदम सरकत जातात. अशा वेळी जो पक्षी घाई न करता मागे राहतो त्याच्यावर दुर्बीण ठेवा. बरेचदा तोच आपला असतो.

पायरी ६: काय बघायचं, कोणत्या क्रमाने

क्रम महत्त्वाचा आहे, कारण पक्षी मध्येच उडाला तर जे बघून झालं त्यावर काहीतरी ठरवता यायला हवं.

आधी बसणं. ताठ, मान आखूड, डोकं अंगाच्या मानाने मोठं. हा माशीमार असल्याचं इथेच कळतं. पानापानांतून टुणटुणत राहणारा पक्षी पर्णवटवट्या असतो, तो एका जागी पाच सेकंदही थांबत नाही.

मग डोळा. पहिल्या दोघांचा डोळा मोठा, काळाभोर, आणि भोवती पांढुरकं कडं. चेहरा सतत अचंब्यात पडल्यासारखा. तपकिरी माशीमाराच्या डोळ्यापासून चोचीपर्यंतचा भागही फिकट असतो, त्यामुळे त्याचा चेहरा जास्त मोकळा, भाबडा वाटतो. तांबूस शेपटीच्याचं कडं अगदी पुसट, त्यामुळे चेहरा सपाट.

तिसरी चोच, आणि तीही खालून. या पक्ष्यांची चोच बुडाशी रुंद असते, बाजूने राठ केस. खालची चोच संपूर्ण फिकट पिवळसर असेल तर तपकिरी छातीचा. फक्त बुडाशी फिकट आणि टोकाला काळी असेल तर तपकिरी माशीमार. पक्षी वर असला की चोच खालून दिसतेच, ही मळकट पक्ष्यांची एक मेहेरबानी.

चौथे पाय. मला विचाराल तर हाच खरा निकाल. काळे पाय म्हणजे तपकिरी माशीमार. फिकट, कातडीच्या रंगाचे पाय म्हणजे तपकिरी छातीचा, आपल्या मुत्तूचा पक्षी. सांगायला सोपं, बघायला अवघड, कारण थंडीच्या सकाळी हा पक्षी पोटाची पिसं फुगवून पायांवर पांघरून बसतो. थांबा. तो झेप घेईल आणि परतून टेकताना क्षणभर पाय उघडे पडतील. तोच क्षण. दाट सावलीत फिकट पायही काळसर दिसतात, म्हणून एकदा बघून हो म्हणू नका, दोन-तीन वेळा बघा.

मग गळा आणि छाती. तपकिरी छातीच्याचा गळा पांढरा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी चोचीच्या बुडापासून खाली येणारी बारीक गडद रेघ असते. छातीवर तपकिरी पट्टा. तपकिरी माशीमाराच्या छातीवर धुरकट राखाडी छटा, कडा कुठे सुरू होतात ते सांगता येऊ नये अशी.

शेवटी पंख आणि शेपूट. तपकिरी छातीच्याच्या पंखांच्या कडांना तांबूस झाक असते, पाठीला किंचित ऑलिव्हसारखी. शेपूट आणि त्यावरचा पाठीचा भाग स्पष्ट विटकरी असेल तर तिसरा पाहुणा, तांबूस शेपटीचा.

पाठ-पोटाचा एकूण रंग मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. सावलीत सगळेच तपकिरी दिसतात आणि उन्हात सगळेच राखाडी.

एकदा तांबडी सुर्लाच्या महादेव मंदिरामागच्या ओढ्याशी बसलो होतो. मंदिर कदंबकालीन, काळ्या दगडाचं, आणि सकाळी सातला तिथे माणूस नसतो. दहाएक फुटांवर पाण्यावर वाकलेली एक वेल होती. तिच्यावर पक्षी कधी येऊन बसला मला कळलंच नाही. झेप घेतली ती पाण्याच्या दिशेने, चोचीत एक करडा पतंग धरून परत आला. पतंग त्याच्या डोक्याएवढा. त्याने तो वेलीवर आपटायला सुरुवात केली, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, धोब्याने कपडा आपटावा तसा. पतंगाचा एक पंख सुटून खाली पाण्यात पडला आणि गिरकी घेत वाहत गेला. दुसरा पंख त्याच्या चोचीच्या राठ केसांत अडकला. तो त्याने वेलीला चोच घासून काढला, मग पतंग गिळला आणि शेपटीला एक झटका दिला. हे सगळं होताना तो पाय रोवून उभा होता आणि पाय चांगले दिसत होते. फिकट, जवळजवळ गुलाबी. मी त्या वेळी वहीत फक्त एक शब्द लिहिला: पाय.

पायरी ७: फसवणारे पक्षी

सगळ्यात जास्त फसवते ती लाल कंठाच्या माशीमाराची मादी, म्हणजे रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचरची. नराच्या गळ्यावर तांबूस नारिंगी रंग असतो, मादीला तो नाही. महाराष्ट्रात हिवाळ्यात ती इतकी सर्रास आहे की 'तपकिरी काहीतरी'तली निम्मी तीच निघते. तिची खूण शेपटीत. शेपूट काळी आणि बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे चट्टे. शिवाय ती शेपूट वर उचलते, पंख खाली सोडते आणि 'टिर्रर्र' असा कोरडा, लाकडावरून काडी ओढल्यासारखा आवाज काढते. आपले तिघे शेपूट अशी उभी करत नाहीत.

टिकेलच्या निळ्या माशीमाराची मादी सावलीत राखाडी वाटते, पण तिच्या छातीवर फिकट नारिंगी असतो. उन्हाचा एक तुकडा पडेपर्यंत धीर धरा, निळसर झाक दिसेल. रानखाटीक मोठा, त्याच्या डोळ्यावरून गडद पट्टा जातो, चोचीला आकडा. त्याच्याशी गल्लत होऊ नये, पण गर्दीत होते.

माझी स्वतःची फजिती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी एका सहलीत छाती ठोकून तपकिरी छातीचा माशीमार जाहीर केला. दहा जणांनी वहीत लिहिलाही. जागा होती पानगळीचं उघडं जंगल, पक्षी पंचवीस फुटांवर वाळक्या फांदीवर. मी बघितलं होतं ते फक्त छातीवरचं मळकटपण. घरी जाऊन फोटो मोठा केला तर पाय काळे कुळकुळीत. दहा जणांना मेसेज करून खोडायला लावलं. त्यातल्या एका काकांनी उत्तर पाठवलं, "मी लिहिलंच नव्हतं, मला पाय दिसले होते."

पायरी ८: आवाजावर फार विसंबू नका

हिवाळ्यात हे तिघे जवळपास गप्पच असतात. तपकिरी माशीमाराची बारीक 'त्सी' आणि तपकिरी छातीच्याची क्षीण 'ची-ची-ची' ऐकू येते, पण ओढ्याच्या खळखळाटात ती विरून जाते. गाणं ऐकायचं तर त्यांच्या वीणीच्या प्रदेशात जायला हवं. आवाज ऐकून नाव सांगणारं मर्लिन ॲप इथे फारसं उपयोगी पडत नाही, आणि त्याने नाव सुचवलं तरी पक्षी दिसल्याशिवाय लिहू नका.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं तर अजिबात नको. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला दिवसभर खाऊन अंगावर चरबी चढवायची असते. त्याचा वेळ तुमच्या स्पीकरशी भांडण्यात का जावा?

पायरी ९: वही

फोटोपेक्षा वही आधी. पक्षी समोर असतानाच लिहायचं, नाव शेवटी. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो:

"जानेवारी, स. ७.४०. ढग नाही, ओढ्यावर धुकं. अंजनीच्या झाडाखाली, जमिनीपासून ४ फूट, ओल्या डहाळीवर. ताठ. कडं पांढरं, ठळक. खालची चोच पूर्ण पिवळट, खात्री. पाय फिकट, दोनदा बघितले. गळ्याच्या बाजूला रेघ, डावी दिसली, उजवी नाही. ६ मिनिटांत ४ झेपा, ३ वेळा त्याच डहाळीवर परत. आवाज नाही. एकटा."

यात नाव नाही हे लक्षात आलं का? नाव घरी जाऊन लिहिलं. 'उजवी नाही' हेही तितकंच महत्त्वाचं. जे दिसलं नाही ते न दिसलेलं लिहायची सवय लागली की पुस्तकातलं चित्र बघून आपण वहीत रंग भरत नाही.

कॅमेरा असेल तर पाठीमागे आकाश असताना एक्स्पोजर एक घर वर घ्या, नाहीतर पक्षी काळा येतो. फ्लॅश नको. सुंदर फोटोच्या मागे न लागता तीन कामाचे फोटो काढा: चोच खालून, पाय, आणि शेपूट पाठीमागून. नंतर कोणी शंका घेतली तर हे तीनच उपयोगी पडतात.

पायरी १०: नोंद करा, पण खात्रीपुरतीच

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकणं सोपं आहे. जागा, वेळ, किती चाललात आणि काय-काय दिसलं. चोच किंवा पाय दिसलेच नाहीत तर प्रजाती न ठरवता नुसता 'फ्लायकॅचर' म्हणून नोंदवायची सोय त्यात आहे. ती वापरायला लाजू नका. नेहमीच्या जागेबाहेर पक्षी नोंदवलात तर तिथले तपासनीस स्वयंसेवक पुरावा मागतात. त्याला अपमान समजू नका, वहीतल्या ओळी तशाच उतरवून पाठवा.

एका पक्ष्याची दहा वेळा केलेली नोंद दहा पक्ष्यांच्या एकेका नोंदीइतकीच कामाची असते. तुमच्या ओढ्यावर माशीमार पहिल्यांदा कधी आला आणि शेवटचा कधी दिसला, एवढंच दर वर्षी लिहीत गेलात तरी पाच-सात वर्षांनी त्या ओढ्याबद्दल तुमच्याइतकं कोणाला माहीत नसेल.

थोडं अंगावरच्या गोष्टींबद्दल

कपडे मातकट किंवा हिरवट. पांढरा टीशर्ट नको. पूर्ण बाह्या आणि पायजमा मोज्यात खोचलेला, कारण हिवाळ्यात गोचिडी असतात, आणि आंबोलीत ऑक्टोबर ओला असेल तर जळवासुद्धा. जळू लागली तर ओढू नका, नखाने कडेने सोडवा. अभयारण्यात प्रवेशाची वेळ आणि शुल्क असतं, ते भरून जा, आणि गावातला वाटाड्या मिळत असेल तर त्याला घ्या. ओढ्यावर कोणत्या वेलीवर पक्षी बसतो हे त्याला तुमच्या पुस्तकापेक्षा जास्त माहीत असतं. उन्हाळ्यात कुठे घरटं दिसलंच तर त्याचा फोटो किंवा जागा ग्रुपवर टाकू नका.

एप्रिल संपता संपता ओढा रिकामा होतो. जी डहाळी हिवाळाभर भरलेली असायची तिच्यावर आता कोणी नसतं. मग ऑक्टोबरपर्यंत टिकेलच्या निळ्या माशीमारावर हात बसवा. तो बारा महिने इथेच असतो, तसाच ताठ बसतो, तशाच झेपा घेतो. त्याच्या मादीची चोच आणि पाय बघून वहीत लिहा. निळा रंग लिहायचा नाही, असा नियम करून लिहा.